दुवा का जुळत नाही?
सर्व्हरच्या नेटवर्क कार्डातील दोषशोधन

चंदीगडच्या विमानतळाची नवी इमारत मोहालीच्या बाजूस उभी राहिली आणि २०१५ साली तिचे उद्घाटन झाले. या विमानतळाकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत ग्रेटर मोहाली क्षेत्र विकास प्राधिकरणाने वसविलेली एयरोसिटी ही वसाहत आहे. अशा नव्या वसाहतीतील एखाद्या मध्यम आकाराच्या रुग्णालयाची वाचकाने कल्पना करावी. रुग्णांच्या रक्ततपासणीचे अहवाल, क्ष-किरण चित्रे, औषधांच्या नोंदी हे सारे एका सर्व्हरवर साठविलेले आहे. इमारतीत वातानुकूलनाचे काम चालू असल्यामुळे तो सर्व्हर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलविण्यात येतो. रात्री तो पुन्हा सुरू केला जातो. पंखे फिरू लागतात, पडद्यावर नेहमीची अक्षरे उमटतात. मात्र यंत्राच्या पाठीमागे, केबल जेथे खोचली जाते तेथील लहानसा हिरवा दिवा लागत नाही. सर्व्हर जिवंत आहे, पण तो कोणाशीही बोलू शकत नाही. प्रयोगशाळेतील अहवाल माणसांच्या हातून मजल्यामजल्यांवर पोचविण्याची वेळ येते, आणि अतिदक्षता विभागातील डॉक्टर कागदाची वाट पाहत थांबतो.

हा प्रसंग कल्पित असला तरी हा दोष मात्र अगदी नित्याचा आहे. अशा वेळी घाईघाईने काढला जाणारा निष्कर्ष बहुधा एकच असतो : “कार्ड गेले.” नवे कार्ड मागविले जाते, ते येईपर्यंत एक दिवस जातो, आणि नवे कार्ड बसविल्यावरही दिवा लागत नाही. या प्रकरणात या न लागणाऱ्या दिव्याचा अर्थ कसा लावावा आणि दोष नेमका कोठे आहे हे पायरीपायरीने कसे शोधावे, याचा विचार केला आहे.

दुवा म्हणजे काय?

संगणकांच्या परस्पर दळणवळणाची कल्पना थरांच्या रूपाने मांडण्याची पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात असे सात थर मानले आहेत. सर्वांत खालचा थर भौतिक होय : तार, तारेतून वाहणारा विद्युत्संकेत किंवा काचेतून जाणारा प्रकाश. त्यावरील थरांत यंत्रांचे पत्ते, संदेशांचे मार्ग, ओळख पटविण्याचे नियम इत्यादी गोष्टी येतात. तंत्रज्ञ ज्याला ‘लिंक’ म्हणतात तो दुवा सर्वांत खालच्या थराशी निगडित आहे. केबलच्या दोन टोकांवरील यंत्रांना एकमेकांचा संकेत स्पष्ट ऐकू येतो, एवढाच त्याचा अर्थ.

यातून दोषशोधनाचा पहिला नियम निघतो. दुवाच जुळला नसेल तर सर्व्हरचा पत्ता बदलणे, सुरक्षाभिंतीचे नियम तपासणे किंवा प्रणाली पुनःपुन्हा स्थापित करणे यांचा काहीही उपयोग नाही. टपालाचा रस्ताच वाहून गेला असता पाकिटावरील पिनकोड सुधारीत बसण्यासारखे ते होईल. उलट, दिवा लागलेला असून संदेश जात नसतील तर तार तपासण्यात वेळ घालविणे सहसा व्यर्थ ठरते. म्हणून कोणत्याही साधनाला हात लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : दुवा नाही, की दुवा आहे पण संभाषण नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिवा देतो. लिनक्स प्रणालीत त्याच उत्तराची नोंद ‘नो कॅरिअर’ या शब्दांत आढळते.

दोन टोकांची बोलणी

दिवा कसा लागतो हे समजले की तो का लागत नाही हे समजणे सोपे जाते. इथरनेट या पद्धतीची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्या साह्याने ती प्रत्यक्षात आली. आरंभी सर्व यंत्रे एकाच जाड केबलला लटकविलेली असत. १९९० साली पिळाच्या तारांवरील इथरनेटचे मानक निश्चित झाले आणि प्रत्येक यंत्रापासून मध्यवर्ती पेटीपर्यंत स्वतंत्र केबल टाकण्याची रीत रूढ झाली. या मानकात एक साधी पण चतुर योजना होती. पाठविण्यासारखा मजकूर नसतानाही प्रत्येक टोक सुमारे १६ मिलिसेकंदांच्या अंतराने एक लहान स्पंद पाठवीत राही. समोरून असा स्पंद आला की दुवा शाबूत आहे असे मानून दिवा लावला जाई.

पुढे एकाच प्रकारच्या केबलवरून निरनिराळ्या वेगांनी काम होऊ लागले. तेव्हा हे स्पंद एकेकटे न पाठविता त्यांचे झुबके पाठविण्याची पद्धत १९९५ सालच्या मानकात आली. एका झुबक्यात १६ अंकांचा मजकूर असतो. ‘मला अमुक वेग येतात, तुम्हाला कोणते येतात?’ असा त्याचा आशय. दोन्ही टोके आपापली यादी सादर करतात आणि दोघांना साधणारा सर्वांत मोठा वेग निवडला जातो. या बोलण्यांना ऑटोनिगोशिएशन म्हणतात. १९९९ साली पिळाच्या तारांवरून सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचे, म्हणजे गिगाबिट इथरनेटचे मानक आले. त्यात केबलमधील चारही जोड्या, म्हणजे आठही तारा वापरल्या जातात आणि कोणत्या टोकाच्या घड्याळाबरहुकूम चालावयाचे हेही बोलण्यांतच ठरते.

दुवा हा एका कार्डाचा गुण नसून दोन टोकांमधील करार आहे, ही गोष्ट येथे वाचकाच्या ध्यानात येईल. करार मोडला तर दोष या टोकाचा असू शकेल, त्या टोकाचा असू शकेल किंवा मधल्या वाटेचा. केवळ आपल्या हाताशी असलेले टोक दिसते म्हणून त्यालाच दोषी धरणे न्यायाचे नव्हे.

पहिली तपासणी : काहीही न बदलता

तपासणीचा आरंभ नेहमी निरीक्षणाने करावा. सर्व्हरच्या बाजूचा दिवा आणि स्विचच्या बाजूचा दिवा हे दोन्ही पाहावेत. त्यानंतर यंत्राला आपले कार्ड ओळखता येते किंवा नाही हे पाहावे. जोडलेल्या साधनांच्या यादीत कार्डाचे नावच नसेल तर ते खाचेत नीट बसलेले नाही, अथवा खरोखरीच निकामी झाले आहे, असा संशय घेण्यास जागा आहे. यादीत नाव असून त्याला चालविणारा ड्रायव्हर चढलेला नसेल तर दोष आज्ञावलीत आहे, तारेत नाही. यंत्र सुरू होतानाच्या नोंदींत याचा उलगडा बहुधा लिहिलेला असतो. तो वाचण्याचे कष्ट मात्र घेतले जात नाहीत.

यानंतर ते पोर्ट प्रणालीने मुद्दाम बंद ठेवले आहे काय, हे पाहावे. बंद पोर्टावर पुष्कळ कार्डे संकेतच पाठवीत नाहीत. अशा वेळी उत्तम केबल लावूनही दिवा लागत नाही. आणखी एक फसगत वारंवार होते. सर्व्हरला चार पोर्टे असतात. प्रणाली त्यांना जी नावे देते त्यांचा क्रम आणि पाठीमागील छिद्रांचा क्रम एकच असेल असा भरवसा नसतो. तंत्रज्ञ पडद्यावर पहिले पोर्ट तपासत असतो आणि केबल तिसऱ्यात खोचलेली असते. लिनक्समधील ‘इथटूल’ या साधनाच्या साह्याने हव्या त्या पोर्टाचा दिवा लुकलुकविता येतो. एका आज्ञेत शंका फिटते.

दुसरी तपासणी : एका वेळी एकच बदल

आता हात लावण्याची वेळ येते. येथे एक शिस्त कटाक्षाने पाळावी : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, स्विचचे पोर्ट आणि कार्ड ही तिन्ही एकदम बदलली आणि दिवा लागला, तर तिघांपैकी अपराधी कोण हे कधीच कळत नाही. सदोष केबल पुन्हा कपाटात जाते आणि पुढल्या संकटात चांगली म्हणून बाहेर निघते.

प्रथम केबल बदलावी. तीही अशी, की जी दुसरीकडे त्याच वेगाने व्यवस्थित चालत असल्याचे नुकतेच पाहिले आहे. प्लगची लवचीक खुंटी मोडलेली असली तर प्लग आत बसल्यासारखा दिसतो, पण तारा टेकत नाहीत. त्यानंतर स्विचचे पोर्ट बदलावे. स्विचवर ते पोर्ट व्यवस्थापकाने बंद केलेले असते, किंवा सुरक्षेच्या नियमाचा भंग झाल्याने स्विचने ते आपणहून मिटलेले असते. एका टोकाचा वेग हाताने ठरवून दिलेला असणे हेही एक कारण होय. एक टोक १०० मेगाबिटांवर आणि पूर्ण दुहेरी पद्धतीवर पक्के केले व दुसरे बोलण्यांवर सोडले, तर बोलणी होत नाहीत. दुसरे टोक वेग अचूक ताडते, पण पहिले टोक एकेरी पद्धतीने चालत असावे असे गृहीत धरते. दिवा लागतो, मात्र संदेश एकमेकांवर आदळून रखडत राहतात. दोन टोकांवर दोन निरनिराळे वेग पक्के केले असतील तर दिवाच लागत नाही.

कार्डाच्या निर्दोषत्वाची साक्ष काढण्याची एक सुंदर रीत आहे. एकाच कार्डावरील दोन पोर्टे सुरू करून ती एका लहानशा चांगल्या केबलने परस्परांना जोडावीत. पूर्वी दोन सारख्या यंत्रांना जोडण्यासाठी तारांची अदलाबदल केलेली खास केबल लागे. गिगाबिट कार्डे ती अदलाबदल आपणहून करतात. दोन्ही दिवे लागले तर कार्ड, त्याची खाच आणि ड्रायव्हर हे सर्व एका फटक्यात संशयातून मुक्त होतात. शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते, आणि निम्म्याचे निम्मे करीत जाणे हेच दोषशोधनाचे मर्म होय.

वाट लांब असेल तेव्हा

आरंभी वर्णिलेल्या रुग्णालयाकडे पुन्हा वळू. कार्डाची दोन पोर्टे एकमेकांना जोडताच दोन्ही दिवे लागले. नवे कार्ड मागविण्याचे कारण उरले नाही. स्विचपाशी नेलेल्या दुसऱ्या एका संगणकाला त्याच पोर्टावर दुवा मिळाला. स्विचही निर्दोष ठरला. उरली ती नव्या खोलीपासून स्विचपर्यंत भिंतीतून व छतातून गेलेली केबल. येथे तंत्रज्ञाने दोन्ही टोके १०० मेगाबिटांवर पक्की करून पाहिली, आणि दिवा लागला.

हा चमत्कार नव्हे. तो पुरावा आहे. १०० मेगाबिटांच्या वेगाला चारांपैकी दोनच जोड्या पुरतात आणि वेगाविषयीची बोलणीही त्याच जोड्यांवरून होतात. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एक तुटलेली असेल तर विचित्र प्रकार घडतो. बोलणी सुखरूप पार पडतात, दोन्ही टोके गिगाबिटावर राजी होतात आणि प्रत्यक्ष काम सुरू करताना तुटलेल्या जोडीपाशी अडखळतात. करार मोडतो, बोलणी पुन्हा सुरू होतात, पुन्हा मोडतात. दिवा लागतच नाही, किंवा क्षणभर लागून विझतो. काही कार्डे अशा वेळी आपणहून खालच्या वेगावर उतरतात. सर्वच तसे करीत नाहीत. रुग्णालयात त्या रात्री कमी वेगाचा का होईना, दुवा मिळाला आणि अहवाल पुन्हा डॉक्टरांच्या पडद्यावर दिसू लागले. रुग्णाच्या दृष्टीने पूर्ण दुरुस्तीपेक्षा ही तात्पुरती सोय त्या घटकेला अधिक मोलाची होती.

तुटलेली जागा शोधण्याची विद्या तारायंत्राच्या काळापासून चालत आली आहे. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली पहिली तार काही आठवड्यांतच मुकी झाली. संकेत क्षीण झाल्याचे पाहून वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी तीत सुमारे २००० व्होल्टचा दाब सोडला आणि आधीच दुबळी असलेली तार अधिकच बिघडली. याउलट विल्यम टॉमसन यांचा भर अत्यंत सूक्ष्म प्रवाह ओळखणाऱ्या मापनयंत्रावर होता. पुढे मोजमापाची हीच वाट मान्य झाली. १८७० साली मुंबई सागरी तारेने एडन व सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली, त्या सुमारास किनाऱ्यावर बसून तारेचा विद्युत्रोध मोजावयाचा आणि त्यावरून दोष किती मैलांवर आहे याचा अंदाज करावयाचा, हे शास्त्र बरेच पुढे गेले होते.

आजच्या पुष्कळ नेटवर्क कार्डांत व स्विचांत याच जातीची सोय असते. कार्ड तारेत एक स्पंद सोडते. तार जेथे तुटलेली असते तेथून तो प्रतिध्वनीप्रमाणे परततो. तांब्याच्या अशा केबलीत संकेत एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशात, सुमारे २० सेंटिमीटर जातो. प्रतिध्वनी ३०० नॅनोसेकंदांनी परतला तर जाऊन-येऊन ६० मीटरचा प्रवास झाला. अर्थात दोष ३० मीटरवर आहे. रुग्णालयातील केबलीची तपासणी याच रीतीने झाली. मोजलेल्या अंतरावरील छताचे पत्रे उचलले असता वातानुकूलनाच्या नव्या नळकांड्याखाली केबल चेपलेली आढळली. ती बदलताच आणि दोन्ही टोकांवरील पक्का केलेला वेग काढून बोलणी पुन्हा मोकळी ठेवताच गिगाबिटाचा दुवा जुळला.

काचेच्या वाटेवरील दोष

मोठ्या सर्व्हरांत तांब्याऐवजी पुष्कळदा प्रकाशतंतू वापरतात. या विद्येशी पंजाबचा निकटचा संबंध आहे. नरिंदरसिंग कपानी यांचा जन्म १९२६ साली पंजाबातील मोगा येथे झाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत त्यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याचे प्रयोग केले आणि १९५४ साली ते ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दूरवरच्या संदेशवहनासाठी अतिशुद्ध काच वापरता येईल हे चार्ल्स काव यांनी १९६६ साली दाखविले. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

प्रकाशतंतूचा दुवा जुळत नसेल तर पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात. तंतू सहसा जोडीने असतात : एक पाठविण्यासाठी, एक स्वीकारण्यासाठी. या टोकाचा पाठविणारा त्या टोकाच्या स्वीकारणाऱ्याला मिळाला पाहिजे. दोन्ही पाठविणारे एकमेकांसमोर आले तर दोघेही बोलतात आणि ऐकणारा कोणीच नसतो. दोन्ही टोकांवरील एसएफपी नावाची लहान मोड्यूले एकाच जातीची असावीत. जवळच्या अंतरासाठी जाड गाभ्याचा तंतू आणि बहुधा ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. लांबच्या अंतरासाठी बारीक गाभ्याचा तंतू आणि १३१० किंवा त्याहून अधिक नॅनोमीटरचा प्रकाश. एका टोकाला एक व दुसऱ्याला दुसरे लावल्यास मेळ बसत नाही. मोड्यूलाचा वेगही पोर्टाला मानवला पाहिजे. काही कार्डे अनोळखी कंपनीचे मोड्यूल पाहून ते चालविण्यासच नकार देतात. त्याची नोंद प्रणालीच्या टिपणांत सापडते. २५ गिगाबिट व त्यापुढील वेगांत चुका सुधारण्याची एक पद्धत वापरली जाते. ती एका टोकाला चालू आणि दुसऱ्याला बंद असली तरीही दुवा जुळत नाही.

धूळ हा येथील सर्वांत क्षुल्लक दिसणारा पण खोडकर शत्रू आहे. बारीक तंतूचा गाभा अवघा ९ मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाचा केस त्याच्या कित्येक पट जाड. गाभ्यावर एक कण बसला की प्रकाश अडतो. म्हणून टोके त्यासाठीच्या साधनाने पुसल्याशिवाय खोचू नयेत. बरीच मोड्यूले आपणाकडे किती प्रकाश येत आहे याचे मापही सांगतात. ते वाचले की प्रकाश मुळीच येत नाही, की क्षीण येतो, हे डोळ्यांनी न पाहता कळते. तंतूच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. तो प्रकाश अवरक्त असल्याने दिसत नाही, तथापि डोळ्याला इजा करू शकतो.

दोन सावधगिरीच्या सूचना

कार्ड उघडून पाहण्यापूर्वी यंत्राचा वीजपुरवठा तोडावा आणि अंगावरील स्थिर विद्युत् जमिनीस देणारा मनगटी पट्टा बांधावा. बोटांतून सहज उडणारी ठिणगी चांगल्या कार्डाला कायमची इजा करू शकते. दुसरी सूचना दूरवरून काम करणाऱ्यांसाठी आहे. ज्या पोर्टावरून सर्व्हरशी बोलणे चालू आहे तेच पोर्ट बंद करण्याची आज्ञा देणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविणे होय. व्यवस्थापनाचे स्वतंत्र पोर्ट, किंवा यंत्रापाशी प्रत्यक्ष उभा असलेला सहकारी, यांपैकी एक वाट आधी मोकळी असावी.

दुव्याचे मोल

पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. अनेक संस्कारकांना एकमेकांशी जोडून त्यांच्याकडून एकच मोठे काम करून घ्यावयाचे, हे त्याचे तत्त्व होते. पुढील काळात संगणकांना जोडणारी ‘परमनेट’ ही जाळ्याची यंत्रणाही या संस्थेने विकसित केली, आणि तिची सुधारलेली आवृत्ती २००८ सालच्या ‘परम युवा’ या महासंगणकात वापरण्यात आली. गणित करणाऱ्या यंत्राइतकेच यंत्रांना जोडणाऱ्या वाटेचे महत्त्व आहे, याची ही साक्ष होय.

ज्या सर्व्हरवर इतरांचे जीवित किंवा उपजीविका अवलंबून आहे, त्याला दोन दुवे असावेत, आणि तेही दोन निराळ्या स्विचांकडे, निराळ्या वाटांनी गेलेले. दोन्ही केबली एकाच नळकांड्याखालून नेल्या तर एकाच ठोक्याने दोन्ही जातात. शिवाय दुसरा दुवा खरोखर काम करतो की नाही हे अधूनमधून पहिला काढून तपासले पाहिजे. एरवी तो केवळ मनाचे समाधान ठरतो. प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी असावी. प्रत्येक दोषशोधनानंतर काय दिसले, काय बदलले आणि कशाने गुण आला याची वहीत नोंद असावी.

रुग्णालयाच्या त्या वहीत अखेर जी नोंद झाली असती ती अगदी साधी आहे : कार्ड चांगले, स्विच चांगला, छतातील केबल चेपलेली, बदलली, दुसरी केबल जिन्याच्या बाजूने टाकावी. या चार ओळी लिहिण्यास दोन मिनिटे लागतात. पुढच्या वेळी दिवा विझेल तेव्हा रात्रपाळीचा तंत्रज्ञ कोणी नवखाही असू शकेल. कपाटातील नव्या कार्डाकडे हात जाण्यापूर्वी त्याने ही वही उघडली, तर अतिदक्षता विभागातील डॉक्टरला तितका वेळ थांबावे लागणार नाही.